उलाची नजर आणि सेइनीचं डुक्कर

नावुनिवी गावच्या उलाइआसीला हूल देईल असा गडी अजून जन्माला यायचा होता. निदान मैदानावर तरी. समोरून गडी चेंडू घेऊन सुसाट येतो, उजवीकडच्या जोडीदाराकडे फेकल्यासारखं करतो, आणि चेंडू पोटाशीच धरून डावीकडून सटकतो. रग्बीतला हा सगळ्यात जुना चावटपणा. भलेभले त्याला फसून गवतात तोंड घालतात. उला फसत नसे. सगळ्यांच्या मागे तो एकटा, हात कमरेवर ठेवून, बहुधा काहीतरी चघळत उभा असे आणि गडी जिथून निसटणार तिथे त्याच्या आधी पोचलेला असे. कसं काय कळतं रे बाबा, असं कुणी विचारलं तर म्हणे, त्यात कळायचंय काय, तो तिकडेच जाणार असतो.

एवढं सोडलं तर उलात कौतुक करण्यासारखं फार नव्हतं. वय छत्तीस. सात जणांच्या रग्बीत हे आजोबांचं वय. पोट सुटायला लागलेलं. धावायला लागला की गुडघ्यांचा आवाज प्रेक्षकांत ऐकू येतो, असं त्याचे मेव्हणे सांगत, आणि मेव्हण्यांच्या सांगण्यातला निम्मा भाग खरा धरायची गावात पद्धत होती. संघाचा कोच आपाकुकी हा निवृत्त पोलीस हवालदार. त्याला हात कमरेवर ठेवून उभा राहणारा माणूस मुळातच संशयित वाटे. ईस्टरच्या स्पर्धेनंतर उलाला नारळ द्यायचा, असं त्याने मनाशी पक्कं केलं होतं, आणि त्याच्या मनातलं गावभर कळायला कधीच वेळ लागत नसे.

उलाला ते फार लागलं. खेळाची हौस फिटली नव्हती म्हणून नव्हे. त्याचा थोरला, इलिएसा, राजधानीत, सुवाला, वसतिगृहात राहून शिकत होता. यंदा त्याची शाळा संपणार आणि पुढच्या ईस्टरला तो गावाच्या संघात येणार. पोरगा वाऱ्यासारखा पळायचा. बापाने मागे अडवावं, चेंडू हिसकावावा, पोराच्या हातात द्यावा आणि पोराने तो घेऊन पळावं, असं एकदा तरी व्हावं, एवढीच उलाची इच्छा होती. हे त्याने बायकोलासुद्धा एकदाच सांगितलं होतं, तेही अंधारात, भिंतीकडे तोंड करून.

अशात सुवाच्या विद्यापीठातून डॉक्टर लोसालिनी आली. ही औषधाची डॉक्टर नव्हे, मेंदूची अभ्यासक. बाई याच सिंगातोका नदीच्या काठची, खोऱ्यात वर तिचं आजोळ. त्यामुळे येताना तिने पाहुण्याने मान म्हणून द्यायच्या यांगोनाच्या मुळ्यांचा मोठा जुडगा आणला आणि गावप्रमुखापुढे रीतसर ठेवला. नंतर तिने आपलं काम सांगितलं. वर्षानुवर्षं खेळलेल्या माणसाला पुढे काय होणार ते आधी कसं दिसतं, आणि ते दिसताना त्याचा मेंदू काय करतो, हे तिला तपासायचं होतं. त्यासाठी खेळाडूंच्या डोक्यावर तारांची टोपी घालावी लागणार होती.

डोकं म्हटल्यावर बैठक चुळबुळली. आमच्याकडे माणसाच्या डोक्याला हात लावत नाहीत. बापाच्या नाही, शेजाऱ्याच्या नाही, दारुड्याच्याही नाही. फळीवरचं भांडं घ्यायचं आणि खाली कुणी बसलेलं असलं तर आधी माफी मागायची, मग घ्यायचं आणि मग टाळ्या वाजवून पुन्हा माफी मागायची. शेवटी सगळ्यात म्हातारा माणूस म्हणाला की दर शनिवारी या पोरांच्या डोक्यावर अख्ख्या खोऱ्याचे गुडघे आणि कोपर आपटतात, तेव्हा कुणी टाळ्या वाजवत नाही; मग एका टोपीने काय आभाळ कोसळणार आहे. परवानगी मिळाली. तरीही लोसालिनी प्रत्येक टोपी चढवण्याआधी खाली बसून टाळ्या वाजवायची, त्यामुळे म्हातारे खूश झाले.

उलाने आपलं नाव सगळ्यात आधी दिलं. त्याचा हिशेब सरळ होता. यंत्र सांगेल की उलासारखा गडी खोऱ्यात नाही, आणि यंत्रापुढे हवालदाराचं काय चालणार?

तपासणी चालली शाळेच्या वर्गात. पडद्यावर धावणारे गडी दाखवायचे आणि चेंडू हातातून सुटायच्या आधीच चित्र विझवायचं. चेंडू कुठे गेला ते बटण दाबून सांगायचं. मग चित्रं आणखी कमी वेळ, मग त्याहूनही कमी वेळ. शेवटी तर पडदा नुसता लुकलुकायचा. पोरं वैतागली, काही दिसतच नाही म्हणाली. उलालाही काही दिसत नव्हतं. तो चघळत बसला आणि बोट जाईल ते बटण दाबत राहिला. नजर कुठे जाते ते टिपणारा एक चष्माही त्याला लावला होता. त्या चष्म्यात तो पाद्रीबुवांसारखा दिसतो, असं मेव्हण्यांचं मत पडलं.

ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात, संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर, लोसालिनीने सभागृहात निकाल सांगितला. सगळं गाव चटयांवर बसलं होतं. शिवाय नदीपलीकडच्या दलाईसावू गावचा कप्तान वेरेनिकी आपली दहाबारा माणसं घेऊन आला होता. त्याला कुणी बोलावलं नव्हतं, पण त्याला बोलवावं लागतच नसे. दोन्ही गावांचा पूर्वीचा देव एक, म्हणून दोन्ही गावांचं नातं तऊवूचं. म्हणजे त्यांनी आम्हाला वाटेल ते बोलायचं, आमच्या घरातलं हवं ते उचलून न्यायचं, आणि आम्ही हसायचं. आम्हीही तेच करायचं. रागावला तो हरला.

लोसालिनी म्हणाली की उलाची बरोबर उत्तरं सगळ्यांपेक्षा जास्त आली. चित्र दिसलंच नाही असं तो म्हणत होता, तेव्हाही बोट बरोबर बटणावर जात होतं. उलाने कोचकडे बघितलं. मग ती म्हणाली की गंमत पुढेच आहे, हे करताना सगळ्यात कमी काम उलाच्या मेंदूने केलं. नवी सून भात शिजवायला लाकडांची मोळी जाळते आणि सासू दोन काटक्यांत भागवते, तसं आहे हे. ज्याला येतं त्याचा मेंदू कमी जळतो.

चांगलं समजावलं तिने. पण पालथ्या घड्यावर पाणी. गावाने त्यातलं एवढंच उचललं की उलाच्या डोक्यात काही जळत नाही.

"हे आम्हाला ठाऊकच होतं, डॉक्टरीणबाई," त्याचा एक मेव्हणा म्हणाला. "यासाठी एवढ्या तारा कशाला वाया घालवल्या?"

हसणं ओसरल्यावर वेरेनिकीने अगदी साळसूदपणे विचारलं की चष्म्यात काय दिसलं, याची नजर असते कुठे. ती शास्त्रातली बाई, खोटं बोलायची सवय नाही.

"कुल्ल्यांवर," ती म्हणाली.

मग ती घाईघाईने सांगायला लागली, की हात खोटं बोलतात, मान खोटं बोलते, डोळे तर सर्रास खोटं बोलतात. पण अंगाचा भार कुठे पडणार ते कुल्ल्याला आधी ठरवावं लागतं, तिथे खोटेपणा चालत नाही. उलाची नजर बरोबर तिथेच जाते, आणि जाते हे त्याचं त्यालाही माहीत नसतं. पण हे ऐकायला शुद्धीवर होतं कोण? म्हाताऱ्या बायका एकमेकींच्या मांडीवर पडून हसत होत्या. पाद्रीबुवा छताकडे बघत होते. वेरेनिकीला दोघांनी धरून बसवलं होतं.

"मी नाही बघत," उला म्हणाला.

"वीस वर्षं," वेरेनिकी डोळे पुसत म्हणाला, "वीस वर्षं मला वाटत होतं, हा नजर खाली घालतो म्हणजे माझ्या खेळाला भ्यायलाय."

उलाची बायको सेइनी सभागृहातून मान खाली घालून घरी गेली. नंतर त्याला ती स्वयंपाकघराच्या दारात लोसालिनीबरोबर चहा पिताना दिसली. दोघी हळू आवाजात बोलत होत्या आणि मधूनच हसत होत्या. आता हिलाही हसू यायला लागलं तर, असं मनात येऊन त्याला फार वाईट वाटलं, आणि तो नदीवर जाऊन बसला.

त्या दिवसापासून उलाचा खेळ बसला. दुखणं साधं होतं. समोरून गडी आला की त्याला आठवायचं की आपण नको तिथे बघतो. मग तो ठरवून चेहऱ्याकडे बघायचा, नाहीतर चेंडूकडे, आणि हात खोटं बोलायचे, मान खोटं बोलायची, उला भलत्याच दिशेला झेपावून गवत धरायचा. मग म्हणायचा, बघू या मुद्दाम कुल्ल्याकडेच. पण मुद्दाम बघायला गेलं की तिथे नुसता कुल्लाच दिसायचा, त्यापलीकडे काही कळायचं नाही. सरावात गावातली शेंबडी पोरंसुद्धा त्याला हूल देऊन जाऊ लागली. कोच आपाकुकीने त्याला बाजूला घेतलं. तो वाईट माणूस नव्हता. हवालदारकी त्याच्या अंगात भिनली होती, एवढंच.

"अंतिम सामना खेळ," तो म्हणाला. "दलाईसावूला अडवलंस तर पुढच्या ईस्टरपर्यंत जागा तुझी. नाही अडवलंस तर मला काही बोलावं लागू नये."

स्पर्धा यंदा आमच्याच मैदानावर होती. अंतिम फेरीत यायचं ते दलाईसावूच आलं, आणि येताना पूर्ण तयारीनिशी आलं. सातही गड्यांनी चड्डीच्या मागच्या बाजूला एकेक लाल जास्वंद खोचली होती. पंचांनी नियमांचं पुस्तक आठवून पाहिलं, त्यात फुलाबद्दल काही नव्हतं. कडेला दलाईसावूच्या बायका पाठमोऱ्या उभ्या होत्या आणि कमरेला बांधलेली रंगीत कापडं तालात हलवत होत्या. त्यांच्यातली एक तर पाद्रीबुवांची चुलतमावशी होती, वय सत्तरीपुढे. उला मैदानात उतरला तेव्हा त्याला बघायला जागाच उरली नव्हती.

पहिल्या अर्ध्यात दलाईसावूने दोन ट्राय केले, म्हणजे दोनदा आमच्या रेषेपलीकडे चेंडू टेकवला. दोन्ही वेळा चेंडू वेरेनिकीकडे होता, दोन्ही वेळा समोर एकटा उला होता, आणि दोन्ही वेळा तो असा काही फसला की दुसऱ्यांदा वेरेनिकीने रेषेपलीकडे चेंडू टेकवण्याआधी वाकून त्याला मागचं फूल दाखवलं. आमचा एकच ट्राय झाला. मध्यंतराला उला घामाने डबडबून गवतावर बसला. त्याला रडू येत होतं. कोचने त्याला बाहेरच काढला असता, पण बदली गडी सकाळी मावशीकडे नारळाच्या दुधातल्या अळूच्या पानांवर आडवा हात मारून आला होता आणि आता झाडाखाली पोट धरून निजला होता.

कोचचं भाषण चालू असतानाच मैदानाच्या कडेने किंकाळ्या आल्या. दलाईसावूचे दोन दांडगे गडी खांद्यावर बांबू घेऊन येत होते, आणि बांबूला चारी पाय बांधलेलं एक भलंमोठं डुक्कर लटकत होतं. त्याचा डावा कान अर्धा फाटलेला होता.

ते सेइनीचं डुक्कर होतं. साधंसुधं नव्हे. येत्या बुधवारी गावच्या महिला मंडळाची बैठक सेइनीकडे होती. गेल्या खेपेला पाद्रीणबाईने चारचौघींत म्हटलं होतं की सेइनीकडे गेलं की कसावा छान मिळतो, नुसताच असला तरी. कसावा म्हणजे गरिबाघरीही रोज उकडतात तो कंद; ते शब्द सेइनी वर्षभर विसरली नव्हती. वर्षभर तिने त्या डुकराला खोबरं चारलं होतं, उन्हात त्याच्या अंगावर पाणी ओतलं होतं, आणि नवऱ्याशी बोलत नसे इतक्या गोडीने त्याच्याशी बोलली होती. बुधवारी ते पाद्रीणबाईच्या पुढ्यात ठेवायचं, हे तिचं वर्षाचं स्वप्न होतं.

"अरे उला, तुमच्याकडचं डुक्कर घेतलंय रे," दलाईसावूचा गडी ओरडला. "चालेल ना?"

आणि तऊवूच्या रीतीप्रमाणे उलाला हसून म्हणावं लागलं की चालेल, न्या, घर तुमचंच आहे.

दुसरा अर्धा सुरू झाला आणि उला आपल्या जागेवर जाऊन उभा राहिला, पण मैदानावर तो नव्हताच. सेइनीला हे कोण सांगणार? मीच. कधी सांगू? आता ती कुठे आहे? बुधवारसाठी दुसरं डुक्कर कुणाकडे मिळेल? तावुआ गावच्या मामाकडे एक आहे, पण ते रोडकं, आणि मामा त्या बदल्यात होडी मागणार. होडी दिली तर मासे कसे आणायचे? पाद्रीणबाई काय म्हणेल? ती काहीच म्हणणार नाही, नुसती हसेल, आणि सेइनी ते आणखी दहा वर्षं...

इथवर आला तेव्हा त्याच्या लक्षात आलं की आपण गवतावर पडलो आहोत आणि आपल्या मिठीत वेरेनिकीचे दोन्ही गुडघे आहेत. चेंडू बाजूला पडला होता आणि आमच्या पोराने उचलून तो पळवलाही होता.

"कसं कळलं तुला?" वेरेनिकीने खालून विचारलं.

"काय कसं कळलं?" उला तडकून म्हणाला. "डुकराची अक्कल कुणाची?"

पुढे तसंच होत राहिलं. दलाईसावूने डावीकडून, उजवीकडून, मधून सगळीकडून येऊन पाहिलं. उला मामाला द्यायच्या होडीच्या हिशेबात गढलेला, कपाळाला आठ्या घातलेला, आणि तरी दरवेळी नेमका तिथेच. त्याचा मेंदू पुढच्या दाराशी डुकरावरून भांडत बसला होता, आणि मागच्या दाराने जुनं शहाणपण मुकाट्याने आपलं काम करून जात होतं. आम्ही दुसरा ट्राय करून बरोबरी केली. कडेच्या बायकांची कापडं हलायची थांबली. लोसालिनी मैदानाच्या टोकाला उभी राहून दोन्ही मुठी तोंडावर दाबून बघत होती.

शेवटचं मिनिट. वेरेनिकीने उलाला आपल्याकडे ओढून घ्यायला पाहिलं आणि चेंडू लांब, पार कडेच्या गड्याकडे फेकला. या खेपेला खराच फेकला. पण उला वेरेनिकीकडे गेलाच नव्हता. तो त्या दोघांच्या मधे उभा होता, आणि चेंडू येऊन त्याच्या पोटावर आदळला. त्याने चेंडूकडे जरा आश्चर्याने बघितलं आणि मग पळाला. पळाला कसला, घरंगळला. मागे अख्खं दलाईसावू लागलेलं, पुढे सगळं मोकळं, आणि गुडघ्यांचा आवाज खरंच प्रेक्षकांत ऐकू येत होता. मेव्हणे त्याच्याबरोबर कडेने धावत होते आणि प्रेमाने शिव्या देत होते. रेषेच्या अलीकडेच त्याचा तोल गेला, पण पोटाच्या वजनाने तो रेषेच्या पलीकडे पडला. त्या पोटाला नंतर कुणी नावं ठेवली नाहीत.

कोच आपाकुकी त्याच्याजवळ आला आणि म्हणाला की पुढच्या ईस्टरला लवकर सरावाला यायचं. उलाने मान हलवली. त्याला इलिएसा डोळ्यांपुढे दिसत होता. पण आनंद करायला सवड नव्हती, घरी डुकराचं सांगायचं राहिलं होतं.

डुक्कर तोवर तापल्या दगडांच्या खड्ड्यात, पानांखाली गेलं होतं. दोन्ही गावं जेवायला एकत्र बसली. उलाच्या ताटात वेरेनिकीने स्वतःच्या हाताने मोठा तुकडा वाढला. उलाने तो बाजूला सारला.

"तुम्ही मला बुडवायला गेलात आणि तुम्हीच बुडालात," तो म्हणाला. "पण त्या बाईची वर्षाची मेहनत होती रे. दुसरं कुणाचं तरी न्यायचंत."

वेरेनिकी चावायचा थांबला. "दुसरं कशाला? तिनेच निरोप धाडला आम्हाला. मध्यंतरालाच न्या म्हणाली, आधी नाही आणि नंतर नाही. आणि उलाच्या डोळ्यांसमोरून न्या. आम्हाला वाटलं, नवऱ्यावर रागावलीय, झाली आमची मज्जा. पाय तिनेच बांधून ठेवले होते. गाठ नाही का बघितलीस, बायकांची होती."

उला हात न धुताच उठला. सेइनी स्वयंपाकघरात चटईवर बसून कसावा सोलत होती. तो दारात उभा राहिला. त्याने बुधवारी मंडळाला काय वाढणार, असं विचारलं.

"डब्यातली मासळी," सेइनी म्हणाली. "आणि कसावा. छान मिळतो माझ्याकडे."

"पाद्रीणबाई हसेल."

"हसू दे. डॉक्टरीण म्हणाली, याच्या डोक्याला चघळायला दुसरं काहीतरी द्या, म्हणजे अंग आपलं आपण खेळेल. तुझ्या डोक्याला पुरेल असं घरात दुसरं होतं काय?" ती सोलत राहिली. "इलिएसाच्या बरोबर तुला तिथे उभा बघायचंय मला. मंडळ काय, दर वर्षी असतं."

उला तिच्यासमोर चटईवर बसला. त्याने एक कसावा उचलला आणि सोलायला लागला, वाकडातिकडा.

"वीस वर्षांत मैदानावर मी कुणाला फसलो नाही," तो म्हणाला. "हा आठवडा सोड. आणि आज घरातल्या पहिल्याच हुलीला आडवा झालो."

सेइनीचा हात थांबला. तिने मान वर करून नवऱ्याकडे बघितलं.

"पहिली?" ती म्हणाली, आणि पुन्हा कसावा सोलायला लागली.